हिरवा पट्टा

पट्टा हिरवा आहे हे आधी पूजानं पाहिलं, आणि पाहताच तिनं खोलीचं दार आतून लावून घेतलं.

बाहेर मांडवात माणसं जमायला लागली होती. गहिनीनाथअण्णांना जाऊन वर्ष झालं होतं, आणि वर्षश्राद्धाला सगळी भावकी वस्तीवर यायची म्हणजे सकाळपासून चुली पेटलेल्या. रविराजनं, अण्णांच्या एकुलत्या मुलानं, बायकोला सांगून पाठवलं होतं, "आईकडून अण्णांचं घड्याळ घेऊन ये, मामा आलेत." काम एवढंसंच होतं. पण पूजा आत येऊन बघते तर सासू पलंगावर मांडी घालून बसलेली. पुढ्यात अण्णांच्या जुन्या उपरण्याची घडी, घडीवर घड्याळ पालथं, आणि शेजारी नवाकोरा चामड्याचा पट्टा. हिरवागार.

"आई, हा कुठून आणला?"

"नगरातनं. डोळं दाखवायला गेल्ते ना, तवा."

"काळा नव्हता का?"

"हुते की. काळे लई हुते," रतनबाई म्हणाली आणि तिनं चष्मा नाकावर नीट बसवला.

हिरवा रंग कुणी मनगटावर घालायचा आणि कुणी नाही, हे ह्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. मागच्या वर्षी ह्याच घराच्या उंबऱ्यावर सासूच्या हिरव्या बांगड्या फोडल्या होत्या आणि त्या काचा पूजानंच गोळा केल्या होत्या. एक काच तिच्या तळव्यात घुसली होती. नवरा जाऊन दिवस मावळला नव्हता, तरी रतनबाईनं सुनेला उजेडात ओढून काटा काढायच्या चिमट्यानं ती काच काढून दिली होती. तोच चिमटा आता उपरण्यावर घड्याळाशेजारी पडला होता.

ह्या घराण्यात रीत अशी होती, की वर्षश्राद्धाला मामानं थोरल्या मुलाला पागोटं बांधायचं आणि गेलेल्या माणसाच्या अंगावरची एक वस्तू मुलाच्या अंगावर चढवायची. अण्णांना त्यांच्या वडलांचं चांदीचं कडं मिळालं होतं. वस्तू चढली की तो माणूस कारभारी. मग विहिरीच्या पाळीपासून लेकीच्या सोयरिकीपर्यंत त्याला विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. अण्णांच्या अंगावरची वस्तू म्हणजे हे घड्याळ. त्यांच्या एकसष्टीला रविराजनं स्वित्झर्लंडहून आणलेलं. पुण्याच्या कंपनीनं त्याला तिकडं पाठवलं होतं. जड, पोलादी, पांढऱ्या तबकडीचं आणि इतकं महागडं, की अण्णा आकडा ऐकल्यावर पहिल्यांदा "परत देऊन ये" म्हणाले होते.

मग मात्र त्यांनी ते हातातून उतरवलं नाही. त्या घड्याळाची कीर्ती श्रीगोंद्यापर्यंत गेली होती. खिशात मोबाईल असलेली माणसंसुद्धा "अण्णा, वाजले किती?" म्हणून मुद्दाम विचारायची, आणि अण्णाही बाही वर सारून, डोळे बारीक करून, चांगला वेळ लावून सांगायचे. भाऊ गोरक्षाला तर इतकी सवय, की विहिरीवरची मोटार चालू करायला निघाला तरी आधी अण्णांकडं मान वळवायचा.

"तुमी आमच्या ह्यांना द्यायचं नाही ठरवलंय का?" पूजानं हळू विचारलं.

"मी घालायचं ठरिवलंय," रतनबाई म्हणाली. "ते हातात घालून मांडवात जानार. तू दार लावलंस ते बरं केलंस. आता जरा बॅटरी धर."

पूजानं मोबाईलची बॅटरी लावली. आपण आत्ता कुणाच्या बाजूला उभ्या राहिलो हे तिला चांगलंच कळत होतं. पण बॅटरी तिनं धरली.

रतनबाईनं चिमट्याचं टोक घड्याळाच्या एका कानापाशी पट्ट्याच्या आत घातलं. पट्टा ज्या बारीक पिनेवर अडकलेला असतो, तिच्या पोटात स्प्रिंग असते. टोक आत दाबलं की ती आखडते आणि सुटते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईत कपाटातून घड्याळ निघालं तेव्हा ते बंद पडलेलं होतं. पुसायला म्हणून हातात घेतलं आणि ते चालू झालं. "ह्याला सेल न्हाई, हातावर असलं तरच चालतं," असं अण्णा सांगायचे ते तिला आठवलं, आणि ती तिथंच फरशीवर बसून रडली. इतके महिने त्या हातानं काहीच चालू केलं नव्हतं. पन्नास वर्षं बांगड्यांनी भरलेला हात एकदम हलका झाला होता, इतका हलका की तिला तो आपला वाटेना. लोकांसमोर ती तो पदराखाली धरायची. आणि त्याच हातात हे टिकटिकायला लागलं.

तिनं ते घालून बघितलं. अण्णांच्या मनगटाचा पट्टा, शेवटच्या भोकात अडकवला तरी हात वर करताच सरळ कोपराकडं गेला. मग तिनं घड्याळाच्या दोन कानांमधल्या जागेएवढी खराट्याची काडी तोडली, पदराला बांधली आणि नगरला गेली. घड्याळ नेलं नाही. परक्या माणसाच्या हातात तिला ते द्यायचंच नव्हतं. दुकानातला पोरगा म्हणाला, "आजी, साहेबांना पाठवा, आम्ही बसवून देऊ." ती म्हणाली, "साहेब गेले. ह्या काडीएवढा रुंद पट्टा दे. बाईच्या मापाचा. हिरवा."

एक पिन सुटली. पट्ट्याचा अर्धा भाग तिच्या मांडीवर पडला. तेवढ्यात दारावर थाप पडली.

*

रविराज एकटा नव्हता. मागं चुलता गोरक्ष होता, आणि त्याच्यामागं आत्या. छबूबाई अण्णांची थोरली बहीण, घरातल्या सगळ्या सुतका-सोहळ्यांची मालकीण. बांगड्या फोडल्या होत्या त्या तिनंच.

"पूजा, दार का लावलं होतं?" रविराजनं विचारलं, आणि मग त्याला उपरण्यावरचं दिसलं. "आई! काय करतेस हे? ते असं घरी उघडायचं नसतं. कंपनीचा माणूस उघडतो. ओरखडा पडला म्हणजे?"

"पडू दे. तुझ्या बापानं त्याच्यावर विळ्याचा ओरखडा पाडलाय, हे बघ."

गोरक्षानं मात्र पट्टा बघितला होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, ह्यो पट्टा कुनाला?"

"मला."

"तुमाला? आन् आज?"

"आजच. भावकी काय रोज येती व्हय?"

"अवो, लोकं तोंडात शेन घालतील आमच्या! बाप्याचं घड्याळ, तेबी हिरव्या पट्ट्याचं, आन् कुनाच्या हातात? आमी मांडवात काय तोंड दाखवायचं?"

"तुमी नका दाखवू भावजी. मी दाखविते."

रविराजला राग आला. खरं म्हणजे राग आला असं त्याला वाटलं. आत दुखत होतं ते दुसरंच. अण्णा त्याला आयुष्यात एकदाही 'शाबास' म्हणाले नव्हते. दहावीला नाही, नोकरीला नाही, फ्लॅट घेतला तेव्हा तर "शेत काय वाईट होतं?" एवढंच. घड्याळ हातात पडलं तेव्हासुद्धा "परत देऊन ये." आज मामा पागोटं बांधणार, ते घड्याळ त्याच्या हातावर चढणार, आणि तेवढ्यापुरतं का होईना, बापानं आपल्याला काहीतरी दिलं असं होणार होतं. पुण्याहून येताना गाडीत तो तोच विचार करत आला होता. आईला हे सांगायचं कसं, हे त्याला येत नव्हतं. म्हणून तो म्हणाला, "घड्याळ मी आणलंय."

"व्हय. कुनाला आनलं?"

"अण्णांना."

"मग त्यांचं झालं. त्यांचं ते आता माझं. तुझं कसं?"

"आई, रीत आहे ना घरची."

"रीत मला नको सांगू. रीतीनं माझ्या दारात दगड आनला, मी हात पुढं केला. येका शब्दानं बोलले न्हाई. आता रीतीनं जरा माझ्यासाटी थांबावं."

"दे इकडं," म्हणत रविराजनं हात पुढं केला. ओरडला नाही, ओढलं नाही, नुसता हात पुढं केला. पण रतनबाईनं घड्याळ मागं घेतलं, चिमट्याचं टोक दुसऱ्या पिनेवर होतंच, ते दाबलं गेलं आणि पिन टप्पकन उडाली. कुठं गेली ते कुणालाच दिसलं नाही. फरशीवर एक बारीक आवाज तेवढा झाला.

सगळे एकदम थांबले.

"झालं?" रविराज म्हणाला. "आता ना तुला घालता येणार, ना मला. ती पिन इथं कुठं मिळत नाही."

मग जे झालं ते बाहेरच्या भावकीनं बघितलं असतं, तर वर्षश्राद्ध बाजूलाच राहिलं असतं. पुण्याचा साहेब नव्या धोतरात गुडघ्यांवर टेकून पलंगाखाली शिरला. पूजा बॅटरी फरशीवर आडवी धरून रांगायला लागली. "कशाला हे नसते उद्योग" म्हणत गोरक्षानंही धान्याची कोठी बाजूला सरकवली, कारण हरवलेली वस्तू दिसली नाही की त्याला चैन पडत नसे. छबूबाईचे गुडघे दुखतात म्हणून तिनं वाकू नये असं सगळे म्हणाले, आणि ती वाकली.

*

पिन छबूबाईलाच सापडली. चटईच्या काठाशी, तिच्या पायाजवळच. तिनं ती उचलली, मूठ मिटली, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

रतनचा तिला राग आला होता. आजचा नव्हे, वर्षभराचा. ही बाई बांगड्या फोडताना रडली नव्हती. आणि आता एका वर्षात हिला रिकाम्या हाताचा कंटाळा आला! छबूबाईचा नवरा गेला तेव्हा तिच्या अंगावरची हळद पुरती उतरली नव्हती. तिच्या बांगड्या सासूनं फोडल्या, आणि तेव्हापासून ती मोकळ्या हातानं जगली. त्या हातांनी तिनं दुसऱ्यांच्या लेकीबाळींना चुडे भरताना बघितलं, आणि भरायची वेळ आली की आपण होऊन मागं सरकली. कुणाला सरकवावं लागू नये म्हणून. तिला कुणी विचारलं होतं का, आक्का, तुला कोणता रंग आवडतो?

"न्हाई सापडायची," गोरक्ष कोठीमागून म्हणाला. "आपलं जुनं चांदीचं कडं चढवू रविराजच्या हातात. घड्याळाचं बगू मागनं."

"नसली सापडत तर नसू द्या," रतनबाई पलंगावरूनच म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मोटारीच्या स्टार्टरची तांब्याची तार हाय माळ्यावर. तारेनं बांधीन. घालनार मी आजच."

आणि ती खरंच उठली, माळ्याची शिडी ओढायला.

ती तारेनं बांधणार, हे छबूबाईला पक्कं कळलं. पन्नास वर्षं ती हिला ओळखत होती. म्हणजे मूठ मिटून उपयोग नव्हता. तरी एक गोष्ट तिला विचारायचीच होती.

"रतन, घालायचं तर घाल, पन ह्योच रंग का गं? काळा घातला असता तर कोन तुला बोललं असतं?"

रतनबाई शिडीला धरून थांबली. "कुनीच न्हाई बोललं असतं. म्हनूनच न्हाई आनला," ती म्हणाली. "आक्का, काचा फुटल्या त्या फुटल्या. रंगानं काय केलं हुतं गं आपलं?"

'आपलं' म्हणाली ती. छबूबाईनं खाली बघत चटईवर हात फिरवला, जणू अजून शोधतेच आहे, आणि शेजारी रांगणाऱ्या पूजाच्या हातात पिन सरकवली.

"मी दिली म्हनून सांगू नको," ती पुटपुटली.

"सापडली!" पूजा म्हणाली, नको तेवढ्या मोठ्यानं.

रविराज पलंगाखालून वर आला होता. आत्याची मूठ उघडताना त्यानं बघितली होती. बायकोच्या हातात पिन होती, नवऱ्यानं हात पुढं केला होता, आणि पूजा त्याच्या हातावरून वळून सासूकडं गेली. पंधरा वर्षांच्या संसारात तिनं असं पहिल्यांदाच केलं. त्यावर रात्री बोलणं होणार, हे दोघांनाही तिथंच कळलं.

"मी बसवून देतो," रविराज शेवटी म्हणाला. "तुला दिसायचं नाही."

"हात लावू नको. सुईत दोरा मीच ओवते अजून."

ती परत पलंगावर येऊन बसली आणि तिनं हिरव्या पट्ट्याच्या टोकाला पिन घातली. एक बाजू घड्याळाच्या कानातल्या भोकात टेकवली, दुसरी चिमट्यानं दाबली. निसटली. परत दाबली. परत निसटली. गोरक्षानं "हां, हां, जरा डावीकडं" म्हटलं आणि आपण काय बोललो हे कळून जीभ चावली. तिसऱ्यांदा कट्ट असा आवाज आला. दुसरी पिन मग लगेच बसली. रतनबाईनं पट्टा ओढून बघितला, पक्का होता. तिनं डावा हात पदरातून बाहेर काढला, घड्याळ घातलं आणि बक्कल लावलं. घड्याळ मनगटाच्या हाडावर नेमकं बसलं.

मग तिनं शेजारी पडलेला जुना पट्टा उचलून रविराजपुढं धरला.

"ह्यो तुझा."

"मला काय करायचाय नुसता पट्टा?"

"बघ तर खरं."

तपकिरी चामडं काळं पडलेलं होतं. पाटाच्या पाण्यानं ते भेगाळलं होतं, कडेला उसाच्या पाचटानं चरे पडले होते. एक भोक लांबट झालेलं. आणि त्याच्या पुढं आणखी भोकं होती, वेडीवाकडी, दाभणानं पाडलेली.

"ही भोकं?"

"मी पाडली. आजारपनात हात बारीक होत गेला, तसतशी पुढं पाडत गेले. मी म्हनायची, काढून ठेवा, टोचतंय तुमाला. तर म्हनायचे, रव्यानं आनलंय, राहू दे. दवाखान्यात नर्सबाईनं जबरदस्तीनं काढलं तवा निघालं. वासबी तसाच हाय त्यांचा."

रविराजनं पट्टा नाकाशी नेला. माती, तंबाखू आणि घाम. सगळ्यांच्या देखत त्याचे डोळे भरले आणि त्यानं ते पुसले नाहीत. "मला कधी बोलले नाहीत," एवढंच तो म्हणाला.

"मला तरी कुठं बोलले? पट्ट्याला बोलले असतील."

त्यानं पट्टा सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

"आन् घड्याळाचं काय?" गोरक्षानं विचारलं. "मामा थांबलाय, मानसं थांबल्यात."

"घड्याळ आईच्या हातात आहे, तात्या," रविराज म्हणाला. "तुम्हाला दिसतंय की."

*

मांडवात गलका होता. रस्त्यावरून उसानं भरलेला ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला तेव्हा कुणालाच काही ऐकू येईना. अण्णांच्या फोटोजवळ त्यांची नायलॉनच्या पट्ट्यांची खुर्ची रिकामी ठेवली होती. विधवेनं अशा वेळी बायकांत, मागं भिंतीला टेकून बसायचं असतं. तिकडं सतरंजी घातलेली होती.

रतनबाई सतरंजीपर्यंत गेली नाही. ती सरळ येऊन खुर्चीत बसली. मागून छबूबाई आली, जरा घुटमळली, आणि खुर्चीशेजारी खालीच बसली. हे बायकांनी आधी बघितलं, मग पुरुषांनी. कुणीतरी कुणाला कोपरानं ढोसलं. पदर अजून मनगटावर होता.

आदिनाथमामानं, रतनबाईच्या भावानं, रविराजला पागोटं बांधलं. पीळ नीट बसवला, पाया पडून घेतलं, आणि मग सवयीनं वस्तूसाठी हात पुढं केला. रविराज नुसताच हात जोडून उभा राहिला. मामानं त्याच्याकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं, आणि हात मागं घेतला. तिकडं मांडवाच्या टोकाला पत्रावळी घेऊन उभ्या असलेल्या पोरांना आता वाढायचं की थांबायचं तेच कळेना.

गोरक्षाची चिडचिड झाली होती. सकाळपासून सगळं त्याच्या मनाविरुद्ध चाललं होतं, वर हा खोळंबा. तो वैतागून मागं वळला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्या खुर्चीकडं मान करून म्हणाला, "अवो, वाजले तरी किती?"

बोलला आणि गोठला. मांडवात एवढी माणसं, एवढ्या खिशांत मोबाईल, पण एकही हात हलला नाही.

रतनबाईनं पदर कोपरापर्यंत सारला. ऊन मांडवाच्या फटीतून येत होतं, ते हिरव्या पट्ट्यावर पडलं. तिनं हात वर केला, डोळे बारीक केले, आणि चांगला वेळ लावला. जितका अण्णा लावायचे तितकाच.

"बारा वाजून गेल्यात, भावजी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पंगत बसू द्या."

आणि पंगत बसली.